ज्यानं बेल उचलला नाही

१६ ऑगस्ट १९८२, सोमवार

आज लातूर जिल्हा झाला. गावातून दोन ट्रक भरून माणसं गेली. माझा चुलतभाऊ शिवप्पा दुकान बंद करून गेला होता, येताना पेढे घेऊन आला. म्हणाला, दादा, उस्मानाबादचे खेटे संपले आता. मी पेढा तोंडात टाकला, पण गोड काही लागला नाही. जिल्हा बदलला म्हणून बांध थोडाच मागं सरकतो?

ही वही म्हणजे शाळेतली उरलेली टाचणवही. रकाने आखलेले आहेत: घटक, उद्दिष्ट, फलनिष्पत्ती. रेणापूरच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि उद्दिष्टाच्या रकान्यात एकतीस वर्षं खोटं लिहिलं. ‘विद्यार्थ्यांस तटस्थ राष्ट्र ही संकल्पना समजते.’ त्यांना कपाळ समजायचं! आज पहिल्यांदा खरं लिहितो. उद्दिष्ट: भुजंगला मातीत घालणे.

कारणही लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की विरूपाक्ष गुरुजी म्हातारपणी भ्रमिष्ट झाले. माझं, भुजंगचं आणि केरबाचं वावर एका कोपऱ्यात भिडतं. त्या कोपऱ्यावर माझ्या बायकोनं, गुरम्मानं, लग्नाच्या वर्षी बेल लावला. पावणेतीन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे बेलाखाली तिला पुरलं. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. म्हणजे ती तिथं बसलेली आहे. यंदा जूनमध्ये भुजंगनं ट्रॅक्टर घातला, बांध मोडून कोपरा आपल्याकडे ओढला आणि तिच्या समाधीवरून नांगर फिरवला. तिच्या डोक्यावरून फाळ गेला. मी पोचलो तेव्हा चौथऱ्याचे दगड बाजूला रचून ठेवलेले होते, व्यवस्थित.

हे मी विसरणार नाही आणि त्यालाही विसरू देणार नाही.

१९ ऑगस्ट, पोळा

पाऊस नाही. दुबार पेरणी करूनही रानं बोडकी. तरी बैल सजले. नागुबाईनं तिच्या एकुलत्या देवणी बैलाला जुन्या साडीची झूल शिवली होती. नागुबाई विधवा, भुजंगच्या पश्चिमेला तिचं दोन एकर.

वेशीत भुजंग भेटला. ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातलेला. सगळ्यांदेखत मला म्हणाला, “गुरुजी, तुमच्या बैलाला वळायला जागा पुरती न्हवं?” चार माणसं हसली. हसणाऱ्यांत साहेबरावही होता, ज्याच्या वावरातले सात तास, म्हणजे नांगराच्या सात ओळी, ह्याच भुजंगनं गेल्या साली गिळल्या. गाढवाला गुळाची चव काय!

२१ ऑगस्ट, शनिवार

मोजणीचा अर्ज घेऊन लातूरला गेलो. तिथला कारकून म्हणतो, नकाशे अजून उस्मानाबादला. उस्मानाबादला मंगळवारीच विचारलं होतं, ते म्हणाले लातूरला पाठवले. मी म्हटलं, मग आहेत कुठं? तो म्हणाला, “बस्ता वाटेत हाय.” सबंध जिल्ह्याच्या हद्दी फडक्यात बांधून कुठल्यातरी ट्रकमध्ये पडल्यात, आणि तेवढ्यात भुजंगसारख्यांनी चरून घ्यायचं. रानात पीक नाही, त्यामुळं तास मोडला तरी आरडाओरड नाही. चौदा सालीही असंच झालं होतं. बेल्जियमनं सांगितलं, आम्ही कोणाच्या बाजूचे नाही. तर त्याच्याच अंगणातून फौजा गेल्या.

२५ ऑगस्ट

भुजंगला लागून आम्ही पाचजण: मी, शिवप्पा, साहेबराव, नागुबाई, केरबा. पाचांनाही त्यानं खाल्लं, पण एकावेळी एकाला, आणि बाकीच्या चौघांनी दर वेळी दुसरीकडे पाहिलं. मी आज घरोघर फिरून हेच समजावलं. एकाचा बांध तो सगळ्यांचा बांध. कुणाच्या बांधावर ट्रॅक्टर आला की त्यानं थाळी बडवायची, आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून धावायचं. सामूहिक सुरक्षा म्हणतात ह्याला.

साहेबराव म्हणाला, ज्याची मेंढी त्यानं राखावी. शिवप्पा म्हणाला, भुजंग माझं गिऱ्हाईक आहे, दादा. नागुबाई म्हणाली, त्याच्याच विहिरीवरून पाणी आणून राहिले, गुर्जी, कसं करू? मी तिला म्हटलं, म्हातारी मेल्याचं दुःख नसतं बाई, काळ सोकावतो. ती घागर उचलून त्याच्याच विहिरीवर गेली.

केरबा मात्र लगेच ‘हाव’ म्हणाला. बौद्धवाड्याच्या कडेला त्याचं तीन एकर, हाडकीचं, म्हणजे पूर्वी गावकीच्या कामापोटी घराण्याला मिळालेलं इनाम. त्यानं एकच विचारलं, सत्त्याहत्तर साली कुठं होता हे? त्या साली भुजंगनं त्याचे नऊ तास घेतले होते आणि तो पंचनाम्यावर माझी सही मागायला आला होता. मी तेव्हा सांगितलं होतं की मी कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पण ती गोष्ट वेगळी. मी तेव्हा नोकरीत होतो, सरकारी माणसानं तटस्थच राहायला हवं. केरबाला ते पटलं असावं, कारण पुढं काही बोलला नाही.

२७ ऑगस्ट

देव आहे! भुजंगनं आज पुन्हा नागुबाईचा बांध घेतला. दिवसाढवळ्या, तिच्या देखत. बाई बांधावर बसून रडली. वाईट वाटलं, पण खरं सांगतो, माझ्या पोटात कुठंतरी बरंही वाटलं. कारण संध्याकाळच्या आत साहेबराव आणि शिवप्पा आपण होऊन माझ्या ओट्यावर आले.

३० ऑगस्ट, सोमवार

आज करार झाला. चारपाच दिवसांत पितरपाट लागेल, पुढं धोंड्याचा महिना, मग कोणी नव्याला हात लावणार नाही. म्हणून घाई केली.

महादेवाच्या देवळात बेल-भंडार ठेवला. बेल गुरम्माच्याच झाडाचा, मी पहाटे जाऊन तोडून आणला. कागदावर पाच कलमं लिहिली. साहेबराव, शिवप्पा, नागुबाई आणि मी, चौघांनी बेल उचलला: थाळी ऐकून जो येणार नाही त्याच्या वंशाला दिवा लागणार नाही.

केरबा पायरीखालीच थांबला. “गुर्जी, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात बापानं, मीबी. बेल न्हाई उचलणार. पर माझा सबूद हाय. सबदाला पान कशाला?” असं म्हणून त्यानं पायाखालची मूठभर माती उचलली आणि आमच्याकडे बघत उभा राहिला.

साहेबराव पुटपुटला, मातीची आण देवापुढं चालत नसते. घोळ नको म्हणून मी म्हटलं, केरबा, तुझं तोंडी धरू. कागदावर त्याच्या नावाला जागा उरली नव्हती. खाली लिहीन म्हणालो. वेळ मिळाला की लिहीन.

८ सप्टेंबर

करार चालला!

दहाच्या सुमारास शिवप्पाच्या वावरातून थाळी वाजली. मी धोतर खोचून पळालो, साठी उलटलेला माणूस! पोचतो तर केरबा आधीच तिथं. बिनाबेलाचा माणूस सगळ्यांत पहिला. मग साहेबराव आला कुऱ्हाड घेऊन, नागुबाई परात बडवत आली. पाचजण बांधावर ओळीनं उभे राहिलो. भुजंगनं इंजिन चालू ठेवून आमच्याकडे पाहिलं, थुंकला, आणि मागं वळवला ट्रॅक्टर. वळवला! त्याचं तोंड बघायला गुरम्मा हवी होती.

सगळे खूष. साहेबराव म्हणतो, गुरुजी, काय डोकं हाय तुमचं. नागुबाई कितीतरी दिवसांनी हसली.

पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. माघारी गेला म्हणजे काय झालं? घरी जाऊन भाकर खाल्ली असेल त्यानं. समाधीवर अजून त्याचीच नांगरट आहे. मला तो मागं सरकायला नको आहे, पडायला हवा आहे.

२२ सप्टेंबर

पंधरा दिवस शांतता. भुजंग कुणाच्या बांधाकडे फिरकत नाही. बाकीचे सुखानं झोपतात. मला शांततेचा वीट आला आहे. तो परत चुकल्याशिवाय त्याला धरायचा कसा? एकदा रंगेहात सापडला, पाचजणांनी धरला, फौजदारासमोर उभा केला, म्हणजे झालं. पण आता तो येईल कशाला? जिथं सगळे धावून येणार नाहीत असं त्याला वाटेल, तिथंच येईल.

शिवप्पाच्या दुकानात बसलो होतो. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की केरबानं काही बेल उचललेला नाही, कागदावर त्याचं नावही नाही. भुजंगचा गडी तिथंच मीठ घेत उभा होता. त्यानं मान वर करून पाहिलं. निघून गेलं तर गेलं. खोटं तर बोललो नाही.

आणि केरबावर आला तरी आम्ही चौघे आहोतच की. धावूच.

५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी नऊला थाळी वाजली. केरबाच्या वावरातून.

मी उठलो. मनात म्हटलं, आला! सापडला! आधी साहेबरावाला उठवायला गेलो. साहेबराव कडब्याच्या पेंढ्या मोजत होता, मोजतच राहिला. म्हणाला, “गुरुजी, त्यानं बेल उचलला न्हाई. करार चौघांचा हाय. कलम तुमीच लिवलंय.” मी म्हटलं, अरे, तो तुझ्या आधी धावला होता. तो म्हणाला, त्याला कुणी बोलावलं होतं? शिवप्पाकडे गेलो. तो तराजू पुसत म्हणाला, दादा, देवाची आण असती तर गोष्ट वेगळी. त्यांच्या भानगडीत आपण पडलो तर सोयरेधायरे काय म्हणतील? नागुबाई घरी नव्हती.

थाळी वाजतच होती. केरबाची बायको चांगुणा बडवत असावी, मध्ये मध्ये थांबून पुन्हा. मी माझ्या बांधापर्यंत गेलो. तिथून दिसत होतं. ट्रॅक्टर, भुजंगचे तीन गडी, आणि आडवा उभा केरबा. मी एकटा जाऊन काय होणार होतं? एकट्यानं जाणं ही सामूहिक सुरक्षा नव्हेच. मी बेलाखाली थांबलो. एका गड्यानं केरबाला हाताला धरून ओढला, तो फाळावर पडला. मग थाळी थांबली.

उजवा हात कोपरापासून मोडला. बारा तास गेले.

मी परीक्षेत दरसाल एक प्रश्न घालायचो: राष्ट्रसंघ का अपयशी ठरला? उत्तर ठरलेलं: सभासद राष्ट्रांनी आपापला स्वार्थ पाहिला. साहेबरावाला आणि शिवप्पाला शून्य गुण द्यायला हवेत. भोपळा!

११ ऑक्टोबर

केरबाकडे जायचं राहून गेलं. नागुबाईच्या हाती हाडाला चोळायचं तेल पाठवायला गेलो तर ती घेईना. म्हणाली, “मी गेले होते त्या दिशी, गुर्जी. वढ्यावर धुणं टाकून गेले, उशीर झाला. तुमी?” मी म्हटलं, बाकीच्यांना गोळा करत होतो. ती म्हणाली, “काळ सोकावतो म्हनत होता न्हवं तुमी.” बायका एखादं वाक्य कसं लक्षात ठेवतात.

भुजंगवर फिर्याद झाली, तीही केरबानं एकट्यानं दिली. साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं नाही. मी तर समोर उभा होतो. का घातलं नसेल?

२३ नोव्हेंबर

बस्ता सापडला! लातूरच्या कचेरीतून नोटीस आली, तीस तारखेला मोजणी. भुजंगलाही गेली असेलच. आता बघतो कसा हसतो ते.

एक अडचण आहे. नकाशा निजामाच्या काळचा, कोपऱ्याचे दगड मातीत गेलेत. ते कुठं आहेत हे गावात एकाच घराला माहीत. पूर्वी हद्दीचा वाद पडला की केरबाच्या आज्याचा शब्द शेवटचा, तहसीलदारसुद्धा मानायचा. छप्पन सालानंतर त्याच्या बापानं गावकीची कामं टाकून दिली, बलुतं सोडलं. पण डोक्यातलं थोडंच टाकता येतं? बापानं केरबाला एकेक दगड पायानं मोजून दाखवलेला आहे.

म्हणून आज गेलो. हात गळ्यात बांधलेला. चांगुणा मला बघून आत गेली. मी दगडांचं विचारलं. केरबानं गळ्यातला हात सावरला. मग म्हणाला, “दावतो. पर एक दगड दावला तर सगळे दावावे लागतील, गुर्जी. चालंल?”

मी म्हटलं, न चालायला काय झालं! सगळे दाखव. भुजंगची चड्डी उतरेपर्यंत दाखव.

जाता जाता एक आठवलं. गुरम्माला पुरताना केरबा टोपी काढून पुढं आला होता, काहीतरी बोलायला. मग माझ्याकडे पाहिलं आणि तसाच गप उभा राहिला. चांगला माणूस. त्याच्या पोटात काही नसतं.

३० नोव्हेंबर

सगळं सरळ लिहितो. काही गाळत नाही.

मोजणीदार साखळी घेऊन आला. अर्धा गाव जमला. केरबा पावलं मोजत चालायचा, थांबायचा, म्हणायचा, इथं. तिथं खोदलं की दगड. पहिला दगड नागुबाईच्या बांधाचा, भुजंगच्या वावरात आठ हात आत निघाला. दुसरा साहेबरावाचा. प्रत्येक दगडाला भुजंगचा चेहरा काळा पडत गेला आणि मी प्रत्येक दगडाला मनात ‘गुरम्मा’ म्हणत होतो. आयुष्यात एवढं सुख मला झालेलं नाही. वर्गात पहिला येणाऱ्या पोराला काय वाटत असेल ते मला आज कळलं.

राहिला कोपरा. तीन वावरांचा एकच दगड. केरबा बेलाकडे निघाला. मला वाटलं, बेलाच्या पलीकडे, भुजंगच्या बाजूला जाईल. तो बेलाच्या अलीकडे थांबला. माझ्या वावरात सहा हात आत. म्हणाला, “इथं.”

मी म्हटलं, चुकतोस तू. केरबा म्हणाला, “तुमच्या वडलांनी चाळीस साली बांध सरकवला. आज्यानं सांगितलं होतं, कुणी ऐकलं न्हाई.”

भुजंग माझ्या जवळ आला. कानात बोलला, पण मऊ आवाजात. “गुरुजी, हा दगड उकरूच नका. दोघंबी गप बसू. कोपऱ्यातलं निम्मं तुमी घ्या, निम्मं मी. समाधी तुमच्याकडं. मोजणीदाराला काय पडलंय?”

मोजणीदारानं बिडी पेटवली. ती निम्मी होईपर्यंत मी गप होतो. केरबा मोडका हात धरून बाजूला उभा होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी भुजंगसाठी शंभरदा वापरली असेल.

मग भुजंग हसला. त्याला वाटलं, म्हातारा आला हाताशी. तो हसला म्हणूनच मी म्हणालो, खोदा. न्यायासाठी म्हणालो असं लिहिलं तर ते उद्दिष्टाच्या रकान्यातलं खोटं होईल. त्याला माझ्या हातून ढेकूळभरही मिळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

दीड हातावर दगड निघाला. साखळी ताणली. भुजंगचा कोपरा गेला, माझाही गेला. बेलाचं झाड आणि त्याखालची समाधी, दोन्ही केरबाच्या हद्दीत पडलं. म्हणजे ज्या बेलावर आम्ही चौघांनी आण घेतली तो बेलही त्याचाच.

लोक पांगले. मी तिथंच बसलो. केरबा जवळ आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, “गुरम्माबाई हितं हायत ते मला तवाच ठावं होतं, पुरलं तवा. म्हनलं, बसूद्यात. त्यांनी कुनाचा बांध कोरला न्हाई.”

१४ डिसेंबर

गुरम्माला जाऊन आज तीन वर्षं पुरी झाली. समाधीवर विभूती आणि बेल वाहायचा होता. समाधी आणि बेल, दोन्ही दुसऱ्याच्या वावरात. इतकी वर्षं केरबांच्या दारात उभा राहून मी कधी परवानगी मागितली नव्हती, आज मागितली. म्हटलं, केरबाजी, जाऊ का बेलापाशी? बेल तोडू का?

ते म्हणाले, “जावा की. इचारायचं काय त्यात.” एवढंच बोलले. हात अजून सरळ होत नाही. जेवायला डावा लागतो.

गेलो. तर समाधीचा चौथरा कुणीतरी पुन्हा रचलेला होता. भुजंगनं बाजूला काढलेले तेच दगड. एका हातानं रचल्यासारखे, थोडे वाकडे. कुणी रचले ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

परत आलो तर चांगुणाबाई ओसरीवर उभ्या. हातात पितळी थाळी. काठ एका बाजूनं बडवून बडवून आत गेलेला. माझ्यापुढं धरली. म्हणाल्या, “ही तुमच्या घरी असू द्या, गुर्जी. आमची वाजवून झाली.”

मी घेतली.

भुजंग कोर्टात जाणार म्हणे. साहेबराव काल आला होता, करार पुन्हा करू म्हणतो, ह्या वेळी केरबांचं नाव वर घालू. मी त्याला म्हटलं, आधी त्यांना विचार, ते आपल्याला घेतात का.

वहीत फलनिष्पत्तीचा रकाना चार महिने रिकामा आहे. आजही सुचलं नाही. थाळी खुंटीला लावली आहे. काठ वाकलेला असल्यामुळं ती भिंतीला नीट बसत नाही, जरा वारा आला की वाजते.